हाराखालचा दिवा

सुमंतने टाइप करून आणलेल्या कागदावर माझ्या नावाने सहा ओळी होत्या. मी, रुपराव, वय अठ्ठावन्न, टीमचा हेड मेकॅनिक, असं लिहून देतो की दसऱ्याच्या दुपारी संघपालने गाडीवरचा सुरक्षेचा दिवा न पाहता आणि रबरी हातमोजे न घालता चार्जिंगची केबल काढायला हात घातला. मी दहा फुटांवर होतो. मला त्याला अडवायला वेळ मिळाला नाही. खाली सहीसाठी रेघ मारलेली होती.

“शुक्रवारपर्यंत हे चौकशी समितीले पाठवाचं हाय,” सुमंत म्हणाला. तो टीमचा मालक. “त्याईनं मान्य केलं तरच शनिवारी ट्रक निघन. नाहीतर शेवटची रेस गेली समजा. पहिल्या नंबरवर येऊन मंग काय उपयोग?”

“आन् संघपालच्या नावावर काय राहीन?” मी विचारलं.

“भाऊ, तो तर गेला ना आता. त्याले काय फरक पडते?”

मी कागद घडी करून खिशात ठेवला. त्यातलं एकेक वाक्य खरं होतं, हीच तर पंचाईत होती. दिवा त्याने पाहिला नव्हता. हातमोजे त्याच्या पँटच्या खिशातच सापडले. दहा फूट तर मी टेप लावून मोजून दिले असते. जे कागदात नव्हतं ते दोघांनाच माहीत होतं, मला आणि संघपालला, आणि संघपालला जाऊन पाच दिवस झाले होते.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर मी उगाच साळसूद वाटेन.

आमचं वर्कशॉप सक्करदऱ्यात, तलावाच्या मागच्या अंगाला. तिथून आम्ही देशातल्या सगळ्यांत वरच्या मोटार रेसिंगमध्ये उतरतो. एकच माणूस बसेल एवढी, चाकं उघडी असलेली, जमिनीला पोट लावून पळणारी गाडी. चेन्नई-कोइम्बतूरची मंडळी आम्हाला संत्रेवाले म्हणून चिडवतात. चिडवू देत. वीस वर्षं मी त्यांच्या नाकावर टिच्चून इंजिनं बांधली, आणि ती कानाने बांधली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतो, कुठली रिंग घासते, सगळं कळायचं. आमचा ड्रायव्हर साहिल म्हणायचा, भाऊंना कॉम्प्युटर नको, फक्त शांतता द्या. मला ते ऐकायला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

यंदा नवे नियम आले आणि माझा कान बाद झाला. गाडीची निम्मी ताकद इंजिनाची, निम्मी बॅटरीची. इंजिनाला सील ठोकलेलं, उघडलं की टीम बाद. ड्रायव्हरच्या पाठीमागे सहाशे व्होल्टची बॅटरी. आणि ती बॅटरी सांभाळायला प्रत्येक टीममध्ये एक परीक्षा पास झालेला माणूस हवाच, आणि गाडीला हात लावण्याच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. हेड मेकॅनिकच्याही वरचा. नियमांचं पुस्तक दोनशे पानांचं होतं. मला त्यातलं हे एकच पान नीट वाचता आलं आणि तेच झोंबलं.

तो माणूस म्हणजे संघपाल. चौतीस वर्षांचा, पारशिवनी तालुक्यातल्या एका खेड्यातला, आयटीआय करून वीज उपकेंद्रात आठ वर्षं काढलेला. बोलणं कमी, काम मोजून-मापून. ड्रायव्हरच्या डोक्यावर जी लोखंडी कमान असते, तिच्यावर एक छोटा दिवा असतो. हिरवा म्हणजे हातमोज्यांशिवायही गाडीला हात लावायला हरकत नाही. लाल म्हणजे वीज कुठेतरी गळते आहे, लांब व्हा. संघपाल कमानीपाशी जायचा, दिव्याकडे पाहायचा आणि मोठ्याने म्हणायचा, “हिरवा.” त्यानंतरच बाकीच्यांनी हात लावायचा. दिवसातून साठ वेळा. आम्ही त्याला हिरवा मास्तर म्हणायचो. तो हसायचा, पण म्हणायचं सोडायचा नाही. भिंतीवर त्याने एक लाकडी दांडा टांगला होता, पुढे आकडा लावलेला. “कोनी चिकटला तर हातानं ओढू नका, यानं ओढा,” असं त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं.

पहिली रेस कोइम्बतूरला होती. रेसच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे पूजा केली. नवी गाडी, नवा मोसम, म्हणून जरा जास्तच केली. बॅटरीच्या झाकणावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, कमानीला लिंबू-मिरची बांधली. संघपाल आला. त्याने लिंबू-मिरची सोडली, खाली न टाकता टेबलावर कागद अंथरून त्यावर ठेवली, आणि मऊ फडक्याने स्वस्तिक पुसायला लागला. “भाऊ, इथं ओलं चालत नाही,” तो म्हणाला. “पुढं नाकावर करा ना पूजा. तिथं काहीच नाही.”

त्यात वावगं काय होतं? काही नव्हतं. पण तीन महिने पोटात साठलेलं त्या दिवशी बाहेर पडलं. चौदा माणसांसमोर मी त्याला बोललो. काय बोललो ते आत्ता लिहीत नाही. लिहावं लागणारच आहे, पण आत्ता नाही. साहिल आपल्या बुटांकडे बघत राहिला. संघपालने हातातलं फडकं घडी करून खिशात घातलं आणि म्हणाला, “बरं, भाऊ.” मग कमानीपाशी गेला, दिव्याकडे पाहिलं आणि “हिरवा” म्हणाला. त्या रेसमध्ये आम्ही सातवे आलो.

चेन्नईला चौथे आलो. तिथे बॅटरी तापत होती आणि सगळ्या टीमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. संघपाल दोन दिवस आकडे घेऊन बसला होता. तिसऱ्या दिवशी त्याने मला हाक मारली. “भाऊ, तुमचा स्क्रू-ड्रायव्हर आना. मोटरचं बेअरिंग मले खराब वाटून राहिलं, त्याच्यानंच बॅटरी तापत असन, पन मशीन नाही दाखवत.” त्याने दिवा पाहिला, हिरवा म्हणाला, आणि मी मूठ कानाला लावली. बारीक किरकिर होती, कोणालाही सांगून पटली नसती अशी. त्याला पटली. बेअरिंग बदललं. पुढची रेस आम्ही जिंकलो, तिच्या पुढचीही जिंकली. एक पत्रकार विचारायला आला तर संघपालने माझ्याकडे बोट दाखवलं. “भाऊचा कान,” एवढंच बोलला.

मी खूश झालो. मला वाटलं, मिटलं आता. त्याच्या डब्यातली भाकर मी खाऊ लागलो, माझ्या चहात त्याचा वाटा असायचा. कोइम्बतूरचं तो विसरला, असं मी धरून चाललो. फक्त एक गोष्ट होती, जी मी पाहिली आणि पाहूनही पाहिली नाही. माझा नारळ, माझी अगरबत्ती, माझा हार, यांतल्या कशालाही त्याने पुन्हा हात लावला नाही. वाटेत आलं तर तो थांबायचा आणि मला बोलवायचा. “भाऊ, हे जरा घ्या ना बाजूले.” मला वाटायचं, आता कसा वळणावर आला. असं वाटायचं मला.

दसऱ्याला वर्कशॉपला सुट्टी होती. पण रेस घेणाऱ्या समितीला त्या संध्याकाळपर्यंत बॅटरीच्या चार्जिंगचे आकडे पाठवायचे होते, म्हणून केबल काढून आकडे घ्यायला संघपाल दुपारी तासभर येणार होता. मी सकाळीच गेलो, शस्त्रपूजा कोण चुकवतं? पाने, जॅक, माझा स्क्रू-ड्रायव्हर, सगळं मांडलं. चार्जिंगची केबल आदल्या दिवशीच लावलेली होती. गेल्या गेल्या मी कमानीवरचा दिवा पाहिला होता, हिरवा होता. मग झेंडूचा चांगला जाड हार कमानीला घातला. गाडीला हार घालायची तेवढीच एक जागा. नारळ फोडला आणि आंब्याच्या पानाने त्याचं पाणी गाडीवर शिंपडलं. पुढे नाकावर शिंपडलं, तसं हात फिरला म्हणून मागेही शिंपडलं. चार्जिंगच्या जोडावरचं झाकण केबलमुळे उघडं होतं. ते मला दिसत होतं. चार थेंबांनी काय होतं, असं मनात आलं.

अडीचच्या सुमारास संघपाल आला. दीक्षाभूमीवरून थेट आला होता, पांढरा शर्ट, पांढरी पँट. बायको माया आणि मुलीला रिक्षात बसवून घरी पाठवलं होतं. “भयानक गर्दी होती, भाऊ,” तो म्हणाला. “पोट्टी खांद्यावर बसून राहिली पूर्ण वेळ.” मी गाडीच्या पुढे बसून पाने पुसून पेटीत लावत होतो. माझं लक्ष नव्हतं. घरी पुरणपोळी थंड होत होती आणि मला निघायचं होतं.

तो कमानीपाशी आला आणि थांबला. “भाऊ, दिवा दिसत नाही. हार जरा बाजूले करता का?”

“हिरवा हाय,” मी म्हणालो. मान वर केली नाही.

“पाहिला ना तुमी?”

“अबे, हिरवा हाय म्हटलं ना! सकाळपासून हिरवाच हाय. काढ लवकर, घरी जाऊ दे.”

“बरं, भाऊ,” तो म्हणाला.

आवाज फार मोठा झाला नाही. मी वळलो तेव्हा तो केबलला धरून होता, म्हणजे केबलने त्याला धरलं होतं. मी धावलो, भिंतीवरचा दांडा काढला आणि आकडा त्याच्या कोपरात अडकवून ओढलं. त्याने शिकवलं होतं तसंच केलं, तेवढं एकच. तो खाली पडला. छाती दाबली, नावाने हाका मारल्या, शिव्या दिल्या. अॅम्ब्युलन्सला फोन केला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर माझ्या ग्रीसचे पंजे उमटले.

अॅम्ब्युलन्स यायच्या आधी मी उठलो आणि दांड्याने हार उचलला. खाली दिवा लाल होता. मी हार निर्माल्याच्या बादलीत टाकला. का टाकला ते सांगता येत नाही, असं मी चार दिवस स्वतःला सांगत होतो. सांगता येतं. भीती वाटली म्हणून टाकला. पोलीस आले, पंचनामा झाला, समितीचा माणूस फोटो काढून गेला. फोटोत दिवा लखलखीत दिसतो, लाल, कोणालाही दिसेल असा. म्हणून तर कागदात आलं की संघपालने पाहिलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. सुमंतनेच पाठवलं होतं. “त्यांच्या घरच्याईले समजावून सांगा, उगाच तक्रार नको,” म्हणाला. वर्कशॉपपासून दोन गल्ल्या पलीकडे दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, खाली टेबलावर संघपालचा फोटो आणि समोर मेणबत्ती. फोटोला हार नव्हता. मला सुटल्यासारखं झालं आणि त्याचीही लाज वाटली.

माया पोस्टात नोकरी करते. तिने मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसली. सात वर्षांची मुलगी कोपऱ्यात वही घेऊन बसली होती, लिहीत काहीच नव्हती. मी इकडचं तिकडचं बोललो. मग कागद दिला. मायाने तो दोनदा वाचला, पोस्टातली माणसं पत्ता वाचतात तसा.

“ते घरचा बल्ब बदलाचा असला तरी मेन स्विच तीनदा पाहत,” ती म्हणाली. “अन् इथं न पाहता हात घातला म्हनता?”

“सुमंतभाऊनं लिहून आनलं, वहिनी.”

“सही तर तुमची हाय.”

“अजून केली नाही.”

“मंग आईका, भाऊ. मले तुमच्यापासून दुसरं काही नको. ते पाहून गेले का न पाहता गेले, एवढंच सांगा. शाळेत कोनीतरी पोरीले म्हटलं, तुझे बाबा जरा जपून राहिले असते तर. तवापासून पोरगी शाळेत जात नाही. तिले मी काय सांगू?”

मुलीने वहीतून मान वर केली. माझी तयारी केलेली सगळी वाक्यं होती, साधा माणूस होता, नशीब, कोणाच्या हातात काय असतं. ती सगळी मी सोडून दिली.

“त्यानं इचारलं होतं,” मी म्हणालो. “दिवा हिरवा हाय का म्हनून इचारलं. मी हाय म्हटलं.”

“पाहून म्हटलं?”

“नाही.”

मग मी उरलेलं सगळं सांगितलं. सकाळचा हिरवा, हार, नारळाचं पाणी, बादली. माया रडली नाही. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

“बाबानं इचारलं होतं ना?” मुलगी म्हणाली.

“हो, बाई. दोनदा इचारलं.”

“हात वर केला असता तर हार सरकला असता,” माया म्हणाली. “दिवा समोरच होता. तरी त्याईनं तुमाले काहून इचारलं? सांगा बरं.”

“मले नाही माहीत, वहिनी.” खरंच सांगतो, त्या क्षणापर्यंत मला माहीत नव्हतं.

“मले माहीत हाय. कोइम्बतूरहून आले तवा सांगतलं त्याईनं मले. जेवले नव्हते त्या दिवशी. म्हने, मानूस कामाचा हाय, त्याच्याशी भांडून मोसम नासवाचा नाही. पन त्याच्या देवाच्या कोन्याच वस्तूले मी आता हात लावनार नाही. वाटेत आलं तर त्यालेच उचलाले सांगन.”

भाऊ, हे जरा घ्या ना बाजूले. चार महिने मी ते ऐकत होतो आणि मनातल्या मनात शाबासकी घेत होतो. त्या दुपारीही तो तेच म्हणाला होता. मी जागचा हललो नाही, आणि त्याने हात वर केला नाही, कारण त्याला तशी मनाई होती. मनाई मीच केली होती.

मायाने कागद उलटा केला, माझ्यासमोर ठेवला आणि पेन दिलं. “लिहा.”

मी लिहिलं. माझं अक्षर वाईट आहे, चौथीनंतर कोणी सुधारलं नाही. हार मी घातला. पाणी मी शिंपडलं. संघपालने दिव्याबद्दल मला दोनदा विचारलं. मी न पाहता हिरवा आहे असं सांगितलं. नंतर हार मी काढून लपवला. लिहिताना ट्रकचा विचार आला, साहिलचा आला, वीस वर्षांचा आला. हे समितीकडे गेलं की मला पुन्हा कोणी गाडीजवळ उभं करणार नाही, हेही कळत होतं. लिहून झालं आणि कागद तिला दिला.

तिने वाचला आणि परत केला. “एक राहिलं.”

मी पेन खाली ठेवलं.

“ते नाही लिहिलं तर कोनाले समजनार नाही, त्याईनं हार काहून नाही उचलला. मंग पुन्हा तेच म्हनतीन, भाऊ. एवढं शिकलेला मानूस, साधा हार नाही उचलता आला.”

ती म्हणत होती ते खरं होतं. मी मुलीकडे पाहिलं. “पोरगी आत जाईन का जरा?” मी विचारलं.

“नाही,” माया म्हणाली. “चौदा मानसाईसमोर बोलले तुमी. इथं तर आमी दोघीच हाओ.”

मी पेन उचललं. चौदा जणांसमोर एका दमात बोललेलं वाक्य लिहायला मला किती वेळ लागला कोण जाणे, मेणबत्ती बरीच खाली आली होती. मी लिहिलं: पहिल्या रेसच्या दिवशी मी संघपालला सर्वांसमोर म्हणालो की आमच्या देवाच्या वस्तूले हात लावू नको, तुमच्या लोकाईचा हात तिथं चालत नाही. त्यानंतर त्याने हात लावला नाही.

मागच्या बाजूला सहीसाठी रेघ नव्हती. तिथेच खाली सही केली.